नऊ वर्षं जुन्या पेट्रोल गाडीला एलपीजी किट बसवणं परवडतं का? गॅस इंजिन खातो म्हणतात, ते खरं आहे का?

"गॅस इंजिन खातो" हे तुम्ही प्रश्नात लिहिलं नसतंत तर मी या भानगडीत पडलो नसतो. हेच वाक्य आमच्या थोरल्या साडूभाऊंच्या तोंडून घरातल्या प्रत्येक कार्यात ऐकत आलोय. मी जेवायला बसलो की त्यांना ते हमखास आठवतं.

पण आधी तुमचा हिशोब. रोजचं जाऊन-येऊन २५ किलोमीटर आणि गाडी आणखी तीन वर्षं ठेवायची, असं म्हणताय. बहुतेक जण दोन्ही दर शेजारी मांडतात आणि खूश होतात: गॅस पेट्रोलच्या ६० टक्के दराने मिळतो, म्हणजे ४० टक्के वाचले! तसं नसतं. लिटरमागे गॅसमध्ये ऊर्जाच कमी असते, त्याच अंतराला २० ते २५ टक्के जास्त लिटर जातात. सव्वा लिटर गुणिले ०.६ म्हणजे पाऊण. वाचले २५ टक्के. किटचा खर्चही मी पैशात धरत नाही, पेट्रोलच्या लिटरमध्ये धरतो, म्हणजे दोन्ही दर सारख्याच प्रमाणात वरखाली झाले तरी हिशोबाची रीत बिघडत नाही. समजा किट ४०० लिटर पेट्रोलच्या भावात बसलं आणि गाडी १५ चं अ‍ॅव्हरेज देते. दर ६० किलोमीटरला एक लिटर सुटतो, म्हणजे किट फिटायला २४,००० किलोमीटर. तुमच्या चालीने ९६० दिवस, तेही एकही सुट्टी न घेता. शिवाय थंड गाडी पेट्रोलवरच चालू होते आणि रिड्यूसरमधून (द्रव गॅसची वाफ करणाऱ्या डब्यातून) फिरणारं कूलंट ३०-४० अंशांपर्यंत तापलं की मगच गॅसवर जाते. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन किलोमीटर असे गेले की तीन वर्षं उलटलीच. तोवर तुम्ही गाडी विकायला काढलेली असेल.

मला परवडलं, कारण माझं रोजचं धावणं ९० किलोमीटर होतं. वर्षाच्या आत किट फिटलं. आणि तिथेच माझं डोकं फिरलं. पेट्रोल भरणं म्हणजे पाप, असं वाटायला लागलं. काट्याखालचा पिवळा दिवा कायम पेटलेला. चालू करण्यापुरतं लिटर-दोन लिटर टाकायचो आणि त्याचा अभिमानही बाळगायचो.

तिसऱ्या वर्षी एका लग्नाला दोन गाड्यांनी निघालो. पुढे साडूभाऊ, मागे आम्ही, माझ्या गाडीत सासूबाई. रात्री मुक्काम केला आणि सकाळी गाडी चालू होईना. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. गॅसची टाकी आदल्या संध्याकाळीच पूर्ण भरलेली. (पूर्ण म्हणजे ८० टक्के. उन्हात द्रव फुगतो म्हणून वरची जागा मोकळी ठेवावी लागते आणि टाकीचा व्हॉल्व्ह तेवढ्यावर आपोआप बंद होतो. फिटर सांगेल त्या लिटरमधून हेही वजा करा.) साडूभाऊंनी एक शब्द न बोलता डिकीतून दोरी काढली. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं. चौदा किलोमीटर त्यांनी मला ओढत नेलं. बंद इंजिनावर ब्रेक दगडासारखा, स्टेअरिंग जड, आणि मागून सासूबाई दर वळणाला "हळू, हळू" म्हणतायत, जणू वेग माझ्या हातात होता.

गॅरेजमध्ये कळलं, पेट्रोलचा पंप जळाला. बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही तो पंप चालूच राहतो. बंद होतात ते इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. पंप टाकीत बुडालेला असतो आणि भोवतालचं पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. मी त्याला तीन वर्षं कोरडा पळवला होता. तेव्हा पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा आणि अधूनमधून त्यावर चालवाही, महिनोन्महिने पडून तेही शिळं होतं.

पण खरी गंमत पुढे. तिथला एक पोऱ्या म्हणाला, "काका, गॅसचं बटन दाबून धरायचं आणि चावी मारायची ना." त्याने केलं. गाडी गॅसवर चालू. थंड रिड्यूसर गोठू नये म्हणून दोन-चार मिनिटं जागेवर चालू ठेवली, झालं. ती दोरी, ते चौदा किलोमीटर, सगळं फुकट. साडूभाऊंच्या गोष्टीत दोरी असते, बटन कधीच नसतं.

तर यात गॅसने इंजिन कुठे खाल्लं? पंप माझ्या चिक्कूपणाने खाल्ला.

आता पुढचं साडूभाऊंना दाखवू नका. ऐंशी हजार किलोमीटरच्या पुढे रोज सकाळी माझी गाडी मिसिंग करायला लागली. प्लग बदलले, कॉइल बदलली (गॅस पेटवायला ठिणगी जोरदार लागते, त्यामुळे पेट्रोलवर झाकलेलं दुखणं गॅसवर उघडं पडतं, म्हणून आधी ते बघतात). फरक नाही. कॉम्प्रेशन तपासलं तर एका सिलिंडरला दमच नाही. पेट्रोलचे थेंब उडून जाताना इंजिनाच्या व्हॉल्व्हला थोडा गारवा देतात. गॅस कोरड्या वाफेच्या रूपात येतो, तो ते करत नाही. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट नरम असेल तर झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) आत बसत जातो, टॅपेटचा (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाचा) गॅप संपतो, मग व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि जळतो. गॅप वेळच्या वेळी तपासला असता तर हे आधीच कळलं असतं. मी एकदाही तपासला नव्हता. हेड उतरवावं लागलं, जवळजवळ वर्षभराची बचत त्यात गेली. घरी मी "क्लचचं काम निघालं" असं सांगितलं. अजूनही घरी क्लचच आहे.

म्हणजे गॅस इंजिन खातो का? काही इंजिनं खातो, दुर्लक्ष केलं तर. तुमच्या इंजिनाच्या सीट कशा आहेत आणि टॅपेट हातानं लावायचे आहेत की हायड्रॉलिक, हे किटवाल्याला नाही, त्याच इंजिनाचे हेड उतरवणाऱ्या मेकॅनिकला विचारा. किटवाला "काही होत नाही" म्हणणारच. हायड्रॉलिक टॅपेट गॅप आपोआप भरून काढतात, त्यामुळे झीज कळायलाच उशीर होतो.

बाकीचे तोटे झटपट. स्टेपनीच्या खाचेत गोल टाकी बसवली की स्टेपनी डिकीत येते, म्हणजे सामान कुठेतरी जाणारच. पिकअप किंचित पडतो, ट्यूनिंग नीट असेल तर जाणवत नाही. गॅसचे फिल्टर आणि पुढे कधीतरी रिड्यूसरमधले रबरी पडदे हा जादा खर्च. डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर थंड ठेवायला गॅसवरही थोडं पेट्रोल जाळावंच लागतं, त्यामुळे वरचा २५ टक्क्यांचा हिशोब तिथे चालत नाही. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून काही तळघरातल्या पार्किंगमध्ये अशी गाडी घेत नाहीत. तुमचं पार्किंग तळघरात असेल तर हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, मी शेवटी सांगतोय. विमा कंपनीलाही कळवून ठेवा.

आणि किट बसवलंच, तर फिटरला पैसे देण्याआधी पेट्रोल बंद असताना गाडी गॅसवर कशी चालू करायची ते त्याच्यासमोर स्वतः करून बघा. साडूभाऊंना मी हे तीनदा दाखवलंय. त्यांचं म्हणणं, त्या दिवशी बटनही चाललं नसतं.