‘पोरगी म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसते, याला काम म्हणायचं का?’

प्रश्न : मॅडम, आम्ही कोकणा आदिवासी, सुरगाणा तालुक्यातले. मुलगी नाशिकला राहून समाजशास्त्रात बी.ए. झाली. मला वाटलं होतं तलाठ्याचा, नाहीतर वनरक्षकाचा फॉर्म भरेल. पण ती गावी परत आली. पाड्यावरची दहा-बारा पोरं गोळा करून म्हाताऱ्यांकडे घेऊन जाते, त्यांचं बोलणं वहीत उतरवते. द्राक्षाच्या कामाला आईबाप दिंडोरी-निफाडकडे गेले, की मागे राहिलेल्या लेकरांचा अभ्यास घेते. म्हणते, मला हेच करायचंय. वय २२. याला काम म्हणायचं का? पोट भरेल का? – एक वडील

उत्तर : दादा, काम म्हणायचं का, तर हो. पोट भरेल का, तर इतक्यात नाही, आणि नुसत्या एवढ्यावर तर नाहीच.

काही वर्षांपूर्वी मी तुमच्यासारख्याच एका पाड्यावर होते. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा हक्क मागणाऱ्या दाव्यासाठी गावाची हद्द मोजणं चाललं होतं. गावाच्या वनहक्क समितीतल्या पोराच्या हातात जीपीएस, पुढे सत्तरी ओलांडलेले एक आजोबा. नाल्यापाशी पोरगा थांबला, ‘हद्द इथंच ना?’ आजोबा थांबलेच नाहीत. चढ चढून गेले, एका सादड्याच्या झाडाखालचा पालापाचोळा पायानं सारला. खाली वाघदेवाचा दगड, शेंदूर पार काळा पडलेला. पोरानं आधी आकडे टिपले, मग आजोबा जे बोलले ते त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं आणि खाली अंगठा घेतला.

हा कागद दाव्याला जोडता येतो. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. त्यातल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे आणि तीत दावेदार सोडून गावातल्या इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरलाय. पण तो लिहायचा कुणी? बाहेरचा माणूस छापील मराठीत विचारतो, म्हातारं माणूस ‘हो’ म्हणून मोकळं होतं. तुमच्या मुलीला बोली येते, म्हातारे तिच्याशी नातीसारखं बोलतात. (मी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात, प्रश्नावली करायला शिकले. पाड्यावर ती बाजूला ठेवून गप्प बसायला शिकायला मला त्याहून जास्त दिवस लागले.)

आता माझी एक नाराजी. अशी मुलं दोन वर्षांत स्वतःची संस्था काढतात. मग नोंदणी, ऑडिट, प्रकल्प अहवाल, आणि कालपर्यंतचे काका-मावशी कागदावर ‘लाभार्थी’ होतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून देवाजी तोफा आणि गावकरी अभ्यासगटात बसून एकेक विषय समजून घेत होते. बाहेरचे लोक तिथे माहिती द्यायला येत. निर्णय मात्र ग्रामसभेत, आणि तोही सर्वांचं एकमत झाल्यावरच. मुलीनं हा क्रम धरावा. वनहक्क समितीत १० ते १५ जण असतात आणि त्यात किमान एकतृतीयांश बायका लागतात. कित्येक ठिकाणी ही नावं फक्त वहीत असतात. तिथे खरोखर बसणारी, वाचणारी मुलगी गावाला हवीच असते. पेसा म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. तो लागू असलेल्या गावांना आदिवासी उपयोजनेतला, म्हणजे आदिवासी विकासासाठी राखलेल्या पैशातला, ५ टक्के निधी थेट मिळतो. तो वनहक्क आणि पेसाच्या अंमलबजावणीवर, शिक्षण-आरोग्यावरही खर्च करता येतो. पोरांच्या या गटाचा खर्च त्यात बसतो का, हे तिनं ग्रामसभेत उभं राहून विचारावं.

मागे राहिलेल्या लेकरांसाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय असते. मूल आजी-आजोबांकडे गावातच राहतं, जेवण आणि अभ्यासाची व्यवस्था होते. माणसं निघायच्या आधीच मुख्याध्यापकांकडे यादी द्यायला हवी. घरं बंद झाल्यावर यादी करून काही होत नाही.

तिला आणखी दोन गोष्टी सांगा. तुमच्याकडे थाळीला मेणानं काडी चिकटवून, ती बोटांनी ओढत कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची, कथा सांगतात. पोरांच्या हातात मोबाइल असतोच. पण रेकॉर्ड करण्याआधी कथा सांगणाऱ्याला विचारायचं, आणि ते यूट्यूबवर टाकायचं की नाही हे वेगळं विचारायचं. काही गोष्टी डोंगऱ्यादेवाच्या उत्सवाच्या दिवसांतच बोलायच्या असतात, आणि हे ठरवणारी ती नव्हे. दुसरं म्हणजे, शिकलेली पोरगी गावात दिसली की आधार, रेशन, दवाखाना, सगळं तिच्या दारात येतं. आठवड्याचा एक दिवस त्यासाठी ठरवून घ्या. नाहीतर वर्षभरात ती थकेल आणि तुम्ही म्हणाल, ‘बघ, मी सांगत होतो.’

राहिला पैशाचा प्रश्न. पेसा समन्वयकासारखी पदं निघतात, पण ती कंत्राटी, मानधनावर. संस्थांमधल्या जागा प्रकल्प असेतो टिकतात. त्यामुळे तुमचा तलाठी-वनरक्षकाचा आग्रह मी खोडून काढणार नाही. अनुसूचित क्षेत्रातली अशी १७ संवर्गांतली पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत, अशी राज्यपालांची अधिसूचना आहे. प्रकरण कोर्टात गेलं, भरती रखडली, तरी तयारी सोडू नये. आणि जंगलाची हद्द पायी फिरलेली वनरक्षक तुमच्या तालुक्याला मिळाली, तर मला आवडेलच. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्यात एम.ए. किंवा नाशिकला एमएसडब्ल्यू करायचं असेल, तर अजून दोन हंगाम गावात काढून मग. तेव्हा वर्गात विचारायला तिच्याकडे स्वतःचे प्रश्न असतील.

तोवर जाहिरात आली की फॉर्म भरायचा, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या. जात वैधता प्रमाणपत्र काढलेलं नसेल तर अर्ज याच महिन्यात टाका, त्याला फार वेळ लागतो.