वाचकांचे प्रश्न : मांजराची पिल्लं आणि दत्तकाचा फॉर्म

प्रश्न : आमच्या गच्चीवर जुन्या कूलरच्या सांगाड्यात मांजराची तीन पिल्लं सापडली. आई सकाळपासून दिसली नाही. मांजरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन केला, तर ‘उचलू नका, थांबा’ असं उत्तर मिळालं. मग संस्था कशासाठी? (एक वाचक, मानेवाडा)

उत्तर : सल्ला बरोबर होता. भाटी, म्हणजे मांजराची मादी, खाणं शोधायला कित्येक तास बाहेर राहते. शिवाय पिल्लांना सात घरं फिरवणारी ती हीच. एका वेळी तोंडात एकच पिल्लू मावतं, म्हणून मागे राहिलेली आपल्याला ‘टाकलेली’ वाटतात. पिल्लांभोवती कणकेची पातळ रेघ ओढा आणि दूर व्हा. दोन-तीन तासांनी रेघेवर पावलं उमटलेली दिसली, की आई येऊन गेली. पोट गोल, अंग उबदार आणि पिल्लं एकमेकांवर पडून झोपलेली असतील, तर हात लावू नका. अंग गार, पोट खपाटीला, एकसारखं रडणं, अंगावर मुंग्या, असं असेल तर मात्र लगेच उचला. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, उघड्या गच्चीवर वाट पाहायची नसते. पिल्लं खोक्यात घालून तिथल्याच सावलीत सरकवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, ही समजूत खोटी आहे.

राहिली संस्था. अशा बऱ्याच संस्थांकडे स्वतःची इमारत नसते. स्वयंसेवकांच्या घरातली एखादी खोली, म्हणजेच ‘फॉस्टर’ घर, हीच संस्था. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. उन्हाळ्यात ही घरं भरली, की ‘दूध कसं पाजायचं ते सांगतो, पिल्लं तुम्ही ठेवा’ असंही उत्तर येतं.

तसं झालंच, तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून ती टॉवेलात गुंडाळा आणि शेजारी ठेवा. गायी-म्हशीचं दूध नको. त्याने जुलाब होतात आणि एवढासा जीव दिवसभरात सुकतो. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांची दूध पावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर असू द्या. तान्ह्या बाळासारखं उताणं धरलं, तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने मागची बाजू हलकेच पुसा, त्याशिवाय तीन आठवड्यांखालचं पिल्लू लघवी करत नाही. रोज ठरावीक वेळी किचनच्या वजनकाट्यावर वजन करा : १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. वजन जागच्या जागी राहिलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : दत्तकाच्या फॉर्ममध्ये घरमालकाची परवानगी, खिडक्यांचे फोटो, एवढंच काय, कूलर कुठे बसवता हेही विचारलंय. ही चौकशी आहे की पोलीस तपास? (एक वाचक, प्रतापनगर)

उत्तर : त्यातला कूलरचाच प्रश्न आम्हाला सर्वांत शहाणा वाटतो. आपल्याकडे कूलर खिडकीत बसतो आणि बाजूची फट थर्माकोल नाहीतर पुठ्ठ्याने बुजवतात. पिल्लू ते नखांनी ओरबाडून काढतं आणि रात्रीत बाहेर. पावसाळ्यात कूलर निघतो, खिडकी तशीच उघडी राहते. बाल्कनीची कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मांजर दातांनी सहज तोडतं; बारीक छिद्रांची लोखंडी जाळी चारही बाजूंनी पक्की करा. घरमालकाची परवानगी विचारतात ती पिल्लू संस्थेकडे परत येऊ नये म्हणून.

तुम्हीही उलट प्रश्न विचारा. पिल्लू किमान आठ आठवड्यांचं आहे का? जंताचं औषध कोणत्या तारखांना दिलं? कार्डावर तीन रोगांच्या एकत्रित लशीचा पहिला डोस आहे का? तो सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतो आणि साधारण चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा द्यावा लागतो. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. चार आठवड्यांचं पिल्लू ‘आजच घेऊन जा’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. नसबंदीची अट करारात असेल, तर ती मुकाट्याने मान्य करा : भाटी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते.

प्रश्न : गेल्या महिन्यात आमचं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं. डॉक्टरांनी पॅनल्यूकोपेनिया सांगितला. नवीन पिल्लू आणावं का? (एक वाचक, महाल)

उत्तर : इतक्यात नको. पॅनल्यूकोपेनिया हा मांजरांचा विषाणूजन्य, जीवघेणा रोग. त्याचा विषाणू घरात वर्षभर टिकू शकतो. फिनाइलने भागत नाही, उलट फिनाइल मांजरालाच विषारी. आधी साबणाने धुऊन घ्या, मग घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ३२ भाग असं द्रावण फरशीवर दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. जुनी गादी, लिटरचा (शी-शूचा) ट्रे, खेळणी टाकून द्या. मांजराविना करमत नसेल, तर संस्थेला खरं कारण सांगून सगळे डोस पूर्ण झालेलं मोठं मांजर मागा. मोठ्यांना मागणी कमी असते, त्यामुळे ते बहुधा लवकर मिळेल.