दुसरा नारळ कोणाचा?

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

गणपतीपुढे गाऱ्हाणे घालताना आजीने एक नारळ आपल्या मूळपुरुषाच्या नावाने ठेवला आणि दुसरा 'आधीच्या घरवाल्यांच्या' नावाने, तेव्हा ती माणसे आपली कोण लागतात, असे तू गावाहून फोनवर विचारलेस. ती आपली कोणीही लागत नाहीत. ते गावचे खोत होते आणि आपण त्यांची कुळे, म्हणजे त्यांच्या ताब्यातली जमीन कसणारे.

खोत हा सरकार आणि शेतकरी यांच्यामधला, गावाचा सारा वसूल करून भरणारा वतनदार. रत्नागिरीकडे भातजमिनीचे अर्धे पीक खोताला देण्याच्या पद्धतीला अर्धेल म्हणत, वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर तिसरा हिस्सा घेतला जाई त्याला तिर्धेल म्हणत, आणि त्याखेरीज खोताच्या घरी वेठीला राबावे लागे ते वेगळेच. तू ज्या ओटीवर पाय पसरून बसतेस, तिची पायरी तुझ्या खापरपणजोबांना चढता येत नसे. खाली खळ्यात उभे राहून ते भात मापून देत. घर जांभ्याच्या चिऱ्याचे आणि प्रशस्त आहे, याचे तुला कौतुक वाटते आणि ते वाटावेच, पण ते चिरे वाहणारे हात कोणाचे होते हेही तुला ठाऊक असावे.

ही पद्धत आपोआप गेली नाही. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे जमिनी न कसता संप चालवला. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कायदा मात्र 1949 मध्ये झाला. पुढे कूळ कायद्यातील तरतुदीनुसार 1 एप्रिल 1957 या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक मानली जाऊ लागली. जमिनी गेल्यावर खोतांची मुले मुंबई-पुण्याला नोकरीला लागली, घर बंद पडले, आणि मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या तुझ्या पणजोबांनी साठवलेल्या पैशांतून ते विकत घेतले. गावात त्याची बरीच कुजबुज झाली म्हणतात.

मग ज्यांनी राबवून घेतले त्यांच्या नावाने नारळ का? कोकणात जागेला राखणदार असतो असे मानतात आणि जागेचा व्यवहार झाला, तरी पहिल्या वसवणाऱ्याचा मान संपत नाही, अशी समजूत आहे. आजी याला रीत म्हणते. माझ्या मते तिच्यात कृतज्ञतेपेक्षा भीती अधिक आहे, कारण घरात आजारपण आले की दुसरा नारळ आवर्जून आठवतो आणि एरवी तो कोपऱ्यात असतो. तरीही मी ती रीत मोडायला सांगणार नाही. त्या नारळामुळेच तर तू हा प्रश्न विचारलास.

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या नावचे खरेदीखत आहे. आजीला विचारून ते काढ, वाच आणि प्रत्येक पानाचा नीट फोटो मला पाठव. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत, घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. त्यांच्या पश्चात आजी, आत्या आणि मी अशी वारस नोंद करायची राहिली आहे, आणि त्यासाठी मी डिसेंबरमध्ये येणार आहे.

तुझा,
बाबा