गलांडा : शब्द कुठला, फूल कुठलं?

प्रश्न असा आहे : 'दसऱ्याच्या बाजारात झेंडूशेजारी ढिगाने दिसणारा गलांडा हा मराठी शब्द, की गेलार्डियाचा अपभ्रंश? आणि इंग्रजीत त्याला इंडियन ब्लँकेट म्हणतात, म्हणजे फूल मूळचं आपलंच ना?'

फूल आपलं नाही. सूर्यफुलाच्या कुळातलं हे रानफूल अमेरिकेच्या दक्षिण-मध्य भागातलं आणि उत्तर मेक्सिकोतलं. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. नावातले 'इंडियन' म्हणजे तिथले मूळनिवासी. लाल पाकळ्या आणि त्यांची पिवळी टोकं त्यांच्या विणलेल्या रंगीत घोंगड्यांसारखी दिसतात, म्हणून ते नाव.

गेलार्डिया हे नाव पडलं गायार द शारांतोनो या अठराव्या शतकातल्या फ्रेंच न्यायाधीशावरून. वनस्पतिशास्त्राचा तो आश्रयदाता होता. फ्रेंच उच्चार 'गायार'. इंग्रजीत मात्र 'ल' ऐकू येतो. आपल्या शब्दात तो 'ल' आहे, म्हणजे गलांडा आला तो इंग्रजी उच्चारावरून.

पुढे 'र्ड'मधला 'र' गळाला. 'लॉर्ड'चा 'लाट' झाला तेव्हाही तो असाच गळाला होता. काही जण 'गलाटा' म्हणतात, त्यात तर लाटसाहेबासारखा 'ड'चा 'ट'ही झालाय. अनुस्वार कुठून आला? माझा कयास असा की तो झेंडू आणि गोंडा यांच्या संगतीने आला. कोकणात झेंडूलाच गोंडा म्हणतात. शिवाय गलांड्याची भरगच्च जात हातात घेऊन पाहा : चपटी पाकळी जवळजवळ नाहीच, सगळ्या बारीक नळ्या, प्रत्येकीचं तोंड फाटून उमललेलं. अख्खं फूल गोंड्यासारखंच दिसतं.

पण म्हणून त्याला अपभ्रंश म्हणून नाक मुरडणं मला अजिबात पटत नाही. एक गलांडा, दोन गलांडे, गलांड्याचा हार. घोडा, घोडे, घोड्याचा यांच्याच पंगतीत तो बसलाय. गेलार्डियाला हे जमलेलं नाही. त्याचं ना अनेकवचन होतं, ना रूप बदलतं. ज्याचं सामान्यरूप इतक्या सहज होतं, तो शब्द मराठीच. बाजारात 'गलांडा कसा दिला?' असं अख्ख्या ढिगाला एकवचनात विचारतात, तेही बरोबरच आहे. झेंडूचा भावही आपण असाच विचारतो.

शास्त्रीय मजकुरात जात नेमकी सांगायची असेल तर गेलार्डिया पुल्केला लिहा. शेताबद्दल, हाराबद्दल, बाजारभावाबद्दल लिहिताना बिनदिक्कत गलांडा लिहा, आणि तोही अवतरणचिन्हांत न घालता.