हॅम्लेटची आई 'तू'वरून 'तुम्ही'वर येते तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'मकबूल' ('मॅकबेथ'वरचा) आणि 'ओंकारा' ('ऑथेल्लो'वरचा) हे हिंदी सिनेमे आवडले, पण शेक्सपिअरचं मूळ नाटक हातात घेतलं की दहाव्या पानावर झोप येते. मग आजच्या माणसाने त्याची मजा घ्यायची तरी कशी?

झोप येते यात तुमचं काही चुकत नाही. ढोलकी नाही, बाई नाही, नुसती छापलेली लावणी वाचली तर किती रंगेल? शेक्सपिअरच्या काळी लंडनच्या ग्लोब थिएटरच्या अंगणात एक पेनी देऊन उभ्याने नाटक बघणारे लोक असत. आपला पिटातला प्रेक्षक, तोच तो. त्यांच्या हातात गाईड नव्हतं. मला मात्र कॉलेजात 'मर्चंट ऑफ व्हेनिस' गाईडातूनच शिकवलं. वर्षभरात एक वाक्य कुणी मोठ्याने म्हटलं नाही. पुढे दहा वर्षं मी त्या वाटेला गेलो नाही.

परत वळलो ते बाझ लुहरमनच्या १९९६ च्या 'रोमिओ + ज्युलिएट'मुळे. त्याने संवादांना बरीच कात्री लावली, पण भाषा मूळचीच ठेवली आणि बाकी सगळं आजचं केलं. नांदीच्या ओळी टीव्हीवरची निवेदिका बातमीसारख्या वाचते. पेट्रोल पंपावर दोन घराण्यांची पोरं एकमेकांवर पिस्तुलं रोखतात आणि तोंडी वाक्य येतं, तलवारी म्यान करा. आता तलवारी कुठून आणणार? कॅमेरा पिस्तुलाच्या जवळ जातो, तर त्यावर ब्रँडचं नाव कोरलेलं: 'सोर्ड'. मी एकटाच खोलीत मोठ्याने हसलो. पहिली वीस मिनिटं अर्धंच कळतं, मग कान सरावतो. तुम्ही सुरुवात इथूनच करा, इंग्रजी सबटायटल्स लावून.

आणि एक फायदा तुमच्याकडे आहे, जो इंग्लंडमधल्या शाळकरी पोरांकडेही नाही. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'दाऊ' आणि 'यू' असे दोन शब्द होते. ढोबळमानाने आपले तू आणि तुम्ही. आजच्या इंग्रजीत सगळंच 'यू', त्यामुळे त्या पोरांना हा फरक शिकवावा लागतो. आपल्याला तो जन्मापासून ऐकू येतो.

'हॅम्लेट'मधला आई आणि मुलाचा प्रसंग घ्या, तिसऱ्या अंकातला चौथा प्रवेश. बाप मेला आहे, आईने दिराशी लग्न केलंय. आई म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखवलंस. इथे 'दाऊ' आहे, आणि वडील म्हणजे तिच्या मते नवा नवरा. हॅम्लेट तेच वाक्य उलटवतो: आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखवलंत. 'यू'. त्या काळी आईला 'यू' म्हणणं रीतीचंच होतं, पण लागोपाठच्या दोन ओळींत ते किती गार वाटतं बघा. खरी गंमत पुढच्याच ओळीत आहे. आता आईसुद्धा 'यू'वर येते. आपल्याकडे आई चिडली की एकदम "तुम्ही फार शहाणे झालात हो!" म्हणते ना, अगदी तसं. हे मला कुणी समजावलं नव्हतं. एकदा मोठ्याने वाचताना आपोआप कानाला लागलं आणि मी ते पान तीनदा वाचलं.

दुसरी गोष्ट कोट्यांची. मराठी माणसाला कोटी करणारा आवडतो, आणि हा गृहस्थ मरणाऱ्यालाही कोटी करायला लावतो. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये रोमिओचा मित्र मर्क्युशिओ तलवार लागून पडलाय आणि म्हणतो, उद्या माझी चौकशी करा, मी 'ग्रेव्ह मॅन' झालेला असेन. ग्रेव्ह म्हणजे गंभीर आणि ग्रेव्ह म्हणजे थडगंही. त्याचे मित्र अजून त्याच्या चेष्टेच्याच तंद्रीत, आणि तो मरतोय.

उलटसुलट वापरल्या जाणाऱ्या ओळी पकडायचाही एक छंद लागतो. 'व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ' मीममध्ये नेहमी हरवलेल्या माणसाला शोधताना येतं. पण व्हेअरफोर म्हणजे कुठे नव्हे, का. तू रोमिओच का आहेस, म्हणजे शत्रूच्याच घरातला का? त्याला लागूनच येतं ते 'नावात काय आहे', जे आपल्याकडे बारशाच्या गप्पांपासून अग्रलेखांपर्यंत फिरतं. नावात काही नाही हे ज्युलिएटचं म्हणणं. नाटकात तर सगळे त्या आडनावापायीच मरतात.

हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमात हॉगवर्ट्सची मुलं बेडूक हातात धरून जे गाणं म्हणतात, त्याच्या ओळी 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणींच्या आहेत. नाटकातली इतर मोठी माणसं लांब, पाच ठोक्यांच्या ओळीत बोलतात आणि या बायका छोट्या, चार ठोक्यांच्या ओळीत, जवळजवळ भोंडल्याच्या गाण्यासारख्या. आता 'मकबूल' परत बघा. तिथे चेटकिणींच्या जागी कुंडली मांडणारे दोन पोलीस आहेत, पंडित आणि पुरोहित. दोघांच्या नावातच दिग्दर्शकाने काम उरकलंय.

इंग्रजीचा फारच कंटाळा असेल तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' मराठीतून वाचा, आणि मग शिरवाडकरांचं 'नटसम्राट'. 'कुणी घर देता का' म्हणणारे बेलवलकर वादळात भटकणाऱ्या लिअरच्या किती जवळ आहेत आणि कुठे वेगळे पडतात, ते आपोआप दिसेल. मूळ इंग्रजीसाठी फोल्जर लायब्ररीच्या संकेतस्थळावर सगळी नाटकं फुकट आहेत. पण एका बैठकीत एकच प्रवेश, तोही मोठ्याने. घरचे हसले तर हसू द्यात.

'हॅम्लेट'वरच बेतलेला 'हैदर' अजून पाहिला नसेल तर तो 'हॅम्लेट'च्या आधी नको, नंतर बघा. शेक्सपिअरने राणीला फार थोड्या ओळी दिल्या आहेत. सिनेमात आई झालेल्या तब्बूच्या वाट्याला त्यापेक्षा कितीतरी जास्त आलंय, आणि शेवटी ती जे करते ते मूळ नाटकात नाही. काय करते ते सांगत नाही.