शॉर्टब्रेडला 'कुरकुरीत' म्हणू नका

प्रश्न : सोलापूरच्या एका वाचक भगिनींचा. बेकरीच्या शिकवणीत त्यांना 'शॉर्टब्रेड म्हणजे बिनअंड्याची शुगर कुकी' असे उतरवून दिले आहे आणि पुढे मराठी अर्थ 'कुरकुरीत बिस्किट' असा दिला आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर : दोन्ही चूक. शॉर्टब्रेड म्हणजे बटर, साखर आणि मैद्याचे स्कॉटिश बिस्किट, आणि ते कुरकुरीत नव्हे, खुसखुशीत असते. त्यातली दुसरी चूक मला जास्त खटकते, कारण ती बेकऱ्यांच्या पाट्यांवर आणि पाककृतींच्या व्हिडिओंत रोज भेटते. भट्टीतून जे निघाले ते सगळे कुरकुरीत! मग मराठीने 'खुसखुशीत' हा शब्द कशाला जपून ठेवला?

सोलापूरकरांना तर हा फरक सांगावा लागू नये. कडक भाकरी मोडली की कटकन आवाज होतो, तुकड्याला धार येते. ती कुरकुरीत. मोहन बेताचे पडलेली शंकरपाळी दाताखाली गाजावाजा न करता विरते. ती खुसखुशीत. हे त्या शब्दांच्या ध्वनीतच आहे. 'कुरकुर' म्हणताना क आणि र जीभ अडवतात, 'खुसखुश' म्हणताना ख बरोबर श्वास सुटतो आणि स, श यांतून नुसती हवा घासत जाते. दबक्या आवाजातल्या हसण्याला आपण खुसुखुसू हसणे म्हणतो ते उगाच नाही. मराठीतले '-ईत' प्रत्ययाचे हे नादशब्द पदार्थ कसा मोडतो त्याची नोंदच असतात, असे माझे ठाम मत आहे. चुरचुरीत, भुसभुशीत, खुटखुटीत हे शब्द तपासून पाहा.

आता 'शॉर्ट'. इथे त्याचा अर्थ आखूड नव्हे, चटकन भुगा होणारा, म्हणजे आपला खुसखुशीतच. हा अर्थ इंग्रजीत पंधराव्या शतकापासून आहे. शब्दाचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या फार जुन्या धातूत जाते. 'शर्ट' आणि 'स्कर्ट' त्याच घरातले. संस्कृतातले 'कृत्' म्हणजे कापणे, 'कर्तरी', त्यावरून आपली कातर, हीसुद्धा त्याच वंशातली. म्हणजे करंजीची कड ज्या कातण्याने कापता ते कातणे आणि शॉर्टब्रेडमधला 'शॉर्ट' हे दूरचे भाऊबंद निघतात! कापलेले ते आखूड, आणि जे ताणले न जाता लगेच तुटते तेही 'शॉर्ट'.

बेकरीच्या पुस्तकांतून मात्र वेगळीच व्युत्पत्ती सांगतात : लोण्यामुळे ग्लूटेनचे, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाचे, धागे आखूड राहतात, म्हणून शॉर्ट. ही व्युत्पत्ती साफ उलटी आहे. गव्हाच्या पिठातून ग्लूटेन वेगळे करून दाखवले ते बेक्कारी या शास्त्रज्ञांनी, इटलीतल्या बोलोन्यात, १७२८ साली. शब्द त्याच्या आधी सुमारे तीन शतके रुळलेला होता. ज्या गोष्टीचा पत्ताच नव्हता तिच्यावरून नाव कसे पडेल? लोणी पिठाच्या कणांना लपेटते, पाणी आत जाऊ देत नाही, ग्लूटेन कमी बनते, हे सगळे खरे आहे, पण तो कारणांचा शोध नंतरचा. शिवाय ज्वारीत ग्लूटेन नसतेच, तरी कडक भाकरी खुसखुशीत होत नाही, कारण तिच्यात मोहन नाही. नुसत्या ग्लूटेनच्या अभावाने काम भागत नाही, स्निग्धांश लागतोच.

आता तुमची वही. शॉर्टब्रेडचे प्रमाण वजनाने १:२:३, म्हणजे साखर १०० ग्रॅम, बटर २००, मैदा ३००. अंडे नाही, बेकिंग पावडर नाही. मैद्यातले ५० ग्रॅम काढून तांदळाची पिठी घातली तर आणखी छान, स्कॉटलंडमध्येही तसे करतात. शुगर कुकीत ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १७० ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, एक अंडे आणि अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर. नुसते अंडे वगळून यातून शॉर्टब्रेड होणार नाही, कारण साखर दुप्पट आहे. ती भट्टीत वितळते, गार होताना काचेसारखी घट्ट होते आणि कड खरोखरच कुरकुरीत करते. 'बिनअंड्याच्या' कुकीत तर अंड्याऐवजी दूध घालतात, म्हणजे पाणी आलेच. पाणी आले की पीठ चिवट व्हायला लागते.

शॉर्टब्रेडची वडी एक ते दीड सेंटीमीटर जाड ठेवा, काट्याने टोचा, १६० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजा आणि कड जेमतेम पिवळसर झाली की काढा. कापायचे ते गरम असतानाच, गार झाल्यावर सुरी लावलीत तर चुरा होईल. शुगर कुकी अर्धा सेंटीमीटर लाटून, साच्याने कापून, १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटे.

सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये बटर हातातच वितळते, मग त्यातले पाणी सुटून मैद्याला लागते आणि वडी भट्टीत पसरून दडस होते. म्हणून मळू नका, बोटांनी चोळून गोळा जमेल इतकेच करा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. घरचे लोणी घेणार असाल तर ताक पुरते निथळू द्या.

शॉर्टब्रेडची आपल्याकडची खरी जोडीदार आहे नानकटाई ऊर्फ नानखटाई. तुपात पाणी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती शॉर्टब्रेडपेक्षाही खुसखुशीत होते. तिच्यात दही घालतात म्हणून 'खटाई', असे सांगणाऱ्यांनी फारसी कोश उघडावा : नान म्हणजे रोटी, आणि 'खताई' म्हणजे खता देशाची, अर्थात उत्तर चीनची. आंबटपणाशी तिचा काडीचा संबंध नाही.