चार दिवसांचा महोत्सव आणि वर्षभराची वही

प्रश्न : माझी मुलगी कराडला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पेठेतलं मंडळ दर जानेवारीत चार दिवसांचा कला महोत्सव भरवतं. गाणं, नाटक, चित्रप्रदर्शन असं सगळं असतं. तीन वर्षं ती त्यात राबतेय. स्वतः गात नाही, नाचत नाही. नुसती हातात याद्या घेऊन पळत असते. आता म्हणते, हेच करिअर करणार, कॉलेज सोडून मुंबईला जाते. तिचे बाबा म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. मांडव घालणं हे काय करिअर झालं? – एक आई

ताई, नमस्कार.

‘स्वतः गात नाही, नाचत नाही’ हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला तीच जमेची बाजू वाटली. या कामाला निम्मी मुलं येतात ती कलाकारांच्या जवळ राहायला मिळतं म्हणून. ग्रीनरूममध्ये सेल्फी मिळेपर्यंत उत्साह असतो. पार्किंगवर उभं केलं की दुपारनंतर सापडत नाहीत. तीन वर्षं टिकलेल्या मुलीला कामाचीच गोडी असावी. खात्री कशी करायची ते शेवटी सांगतो.

आधी हे काम असतं कसं ते बघा. कॉलेजात असताना आमच्या गावी एका सतारवादनाची व्यवस्था माझ्याकडे होती. खर्च वाचवायचा म्हणून दिवे आणि साउंड एकाच लाइनीवर घेतले. संध्याकाळी साउंड चेक झाला, सगळं ठणठणीत. दिवे तेव्हा लावलेच नव्हते. रात्री आलाप सुरू झाला, प्रकाशवाल्याने डिमरवर दिवे हळूहळू मंद केले आणि स्पीकरमधून घर्रर्र सुरू. दिवे पूर्ण लावले की जाई, मंद केले की परत हजर. वादकांनी सतार बाजूला ठेवली आणि विंगेकडे पाहिलं. विंगेत मी. त्या दिवसापासून साउंडला वेगळी फेज, म्हणजे विजेची स्वतंत्र लाइन, आणि साउंड चेक दिवे लावून, मंद करून. तुमच्या लेकीला विचारा, तुमच्याकडे साउंडची लाइन वेगळी असते का. पटकन उत्तर दिलं तर निम्मं काम झालं.

बाकी बरंचसं काम कागदावरचं. मैदानाची परवानगी, पोलीस, वाहतूक शाखा, अग्निशमनची ना हरकत. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या ठरावीक दिवशीच बारापर्यंत सवलत. १९५३ साली सुरू झालेला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्ररात्र चालायचा. या नियमांनंतर तिथंही घड्याळ बघावं लागतं. संध्याकाळी उद्घाटनाचं एक भाषण वीस मिनिटं लांबलं, की शेवटच्या गायकाची वीस मिनिटं गेली. पाहुण्यांच्या हातून माइक मानानं काढून घ्यायला कुठलाच कोर्स शिकवत नाही, आणि त्यात मी अजूनही कच्चा आहे.

आता बाबांची शंका. नोकऱ्या आहेत, पण बँकेसारख्या नाहीत. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव १९९९पासून भरतोय, पणजीचा सेरेंडिपिटी २०१६पासून. अशा महोत्सवांना हंगामापुरती बरीच माणसं लागतात. हंगाम म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात हातावर हात. मुंबईतल्या एनसीपीए, पृथ्वीसारख्या नाट्यगृहांत वर्षभर कार्यक्रम असतात, पण तिथल्या जागा मोजक्या. पहिली दोन-तीन वर्षं मुंबईचं भाडं निघेल एवढंच मिळेल असं धरून चाला. हे तिला तुम्ही नका सांगू, माझं नाव सांगा.

म्हणूनच कॉलेज सोडू देऊ नका. बी.कॉम. या कामात तिच्या मैत्रिणींच्या कुठल्याही डिप्लोम्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल. मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदलेलं असेल तर दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात. मानधनातून टीडीएस कापायचा, मंडपवाल्याचं जीएसटीचं बिल, प्रायोजकाचा चेक महोत्सवानंतर तीन महिन्यांनी येणार हे धरून आगाऊ रकमा वाटायच्या. उत्तम रंगलेले महोत्सव निव्वळ हिशेबाच्या भांडणात बंद पडलेले मी पाहिलेत. इव्हेंट मॅनेजमेंटचे कोर्स पुढे बघता येतील. फी भरण्याआधी अभ्यासक्रम मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी लग्नं आणि कंपन्यांचे सोहळे याच्यापलीकडे फारसं काही नसतं.

आता ती खात्री. यंदा मंडळाला सांगून एक पूर्ण विभाग तिच्याकडे द्या, शक्यतो नाटकाचा. तारीख ठरल्यापासून शेवटचं बिल भागेपर्यंत सगळं तिचं. दोनशे पानी वही घेऊन रोज लिहायचं : कोणाला फोन केला, तो काय म्हणाला, किती ठरले, किती दिले, काय विसरलं. महोत्सव संपल्यावर खरी परीक्षा. मांडव उतरलेला, टाळ्या संपलेल्या, खुर्च्यांपैकी अकरा कमी भरतायत आणि खुर्चीवाला दारात उभा. तेव्हाही ती वही उघडून बसली, तर तिच्या बाबांना मी स्वतः समजावीन. वैतागून ‘आता पुढच्या वर्षी बघू’ म्हणाली, तर बँकेच्या परीक्षांचे अर्ज आहेतच.

मार्चमध्ये वहीसकट तिघंही भेटायला या. खाडाखोड असलेलीच वही आणा, नीटनेटकी उतरवून काढलेली नको.